नवा बॅकएंड कंपायलरमध्ये कसा जातो? पुण्यात लिहिलेल्या सीआर१६ ची अकरा वर्षं

कंपायलर किंवा संगणक-रचना या विषयात पीएच.डी. करायचं ठरवलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या लॅबमध्ये नवा प्रोसेसर होतोय. त्याचा बॅकएंड जीसीसीत किंवा एलएलव्हीएममध्ये घालायचाय. कोड चालतोय. आता तो मुख्य प्रकल्पात कसा घेतात?"

कोड चालतोय म्हणजे निम्मं काम झालं असं वाटतं. खरं तर तिथून वेगळंच काम सुरू होतं, आणि ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही. म्हणून आज एक खरं उदाहरण घेऊ. ते आपल्या पुण्याचंच आहे. केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स या कंपनीने (आताची केपीआयटी टेक्नॉलॉजीज) नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ या प्रोसेसरसाठी जीसीसीचा बॅकएंड लिहिला. २०१२ साली तो जीसीसीच्या मुख्य कोडमध्ये गेला. फाइलींच्या माथ्यावर कंपनीचं नावही छापलं गेलं. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये जीसीसी १३ आलं, तेव्हा तो त्यात नव्हता. काढून टाकला होता.

आत कसा गेला आणि बाहेर का पडला, हे दोन्ही समजून घेतलं तर प्रबंधाचं नियोजन करताना पुष्कळ उपयोग होतो.

आधी उजळणी : बॅकएंड म्हणजे काय

कंपायलरचे ढोबळ तीन भाग. पुढचा भाग सी, सी++, फोर्ट्रान अशी भाषा वाचतो. मधला भाग कोड सुधारतो, म्हणजे निरुपयोगी ओळी काढणं, लूप वेगवान करणं वगैरे. मागचा भाग, म्हणजे बॅकएंड, त्यातून एका विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञा तयार करतो. ही विभागणी केल्यामुळे नव्या प्रोसेसरसाठी फक्त मागचा भाग लिहावा लागतो. तो लिहिला की सी, सी++ आणि मधल्या सगळ्या सुधारणा जवळजवळ फुकट मिळतात. नवी चिप बनवणारे सगळे जीसीसी किंवा एलएलव्हीएमकडे वळतात ते यामुळेच.

जीसीसीत बॅकएंडचा गाभा म्हणजे 'मशीन डिस्क्रिप्शन' नावाची फाइल. प्रत्येक आज्ञेसाठी तिच्यात एक साचा असतो. साच्यात चार गोष्टी सांगायच्या: या आज्ञेचा अर्थ काय, ती कोणत्या अटीवर वापरता येते, तिचे ऑपरंड कुठे असू शकतात (रजिस्टरमध्ये, मेमरीत, की थेट आकडा), आणि असेंब्लीत ती कशी छापायची.

एक उदाहरण. मधल्या भागाच्या दृष्टीने बेरीज म्हणजे 'क बरोबर ख अधिक ग'. तीन जागा. पण सीआर१६ च्या बेरजेच्या आज्ञेत दोनच जागा आहेत. ती दुसऱ्या रजिस्टरमध्ये पहिल्याची भर घालते आणि उत्तर तिथेच ठेवते. मग साच्यात एक बंधन लिहावं लागतं की उत्तराची जागा आणि पहिल्या ऑपरंडची जागा एकच असली पाहिजे. एवढं सांगितलं की गरज असेल तिथे आधी नक्कल करून ठेवायचं काम रजिस्टर वाटणारा भाग स्वतःच करतो. साच्यात लिहायचं एकच अक्षर, पण ते विसरलं तर कोड चुकीचा बनतो. आणि तोही दर वेळी नाही, कधीकधीच. बॅकएंडमधल्या चुका अशा लपलेल्या असतात.

मशीन डिस्क्रिप्शनशिवाय आणखी बरंच लागतं. फंक्शनला कॉल करताना पॅरामीटर कोणत्या रजिस्टरमधून जातात, परत येताना कोणती रजिस्टरं जशीच्या तशी मिळाली पाहिजेत, स्टॅक कुठल्या दिशेने वाढतो, हे सगळे करार म्हणजे एबीआय. भागाकाराची आज्ञाच नसलेल्या चिपसाठी भागाकार करणारी लायब्ररी लागते. आणि असेंबलर, लिंकर हवेतच. सीआर१६ चा असेंबलर बिन्युटिल्समध्ये २००७ सालीच आला होता, कंपायलर २०१२ मध्ये. मधलं पाच वर्षांचं अंतर लक्षात ठेवा. 'सहा महिन्यांत बॅकएंड' असं प्रस्तावात लिहिण्याआधी ते आठवावं.

चढायचं कसं : आयआयटी मुंबईची पायऱ्यांची पद्धत

जीसीसीतल्या एखाद्या तयार बॅकएंडची फाइल उघडली की हजारो ओळी दिसतात, आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात. दुसऱ्या एखाद्या प्रोसेसरची फाइल कॉपी करून त्यात फेरफार करत बसणं हा नेहमीचा मार्ग. त्यातून काहीतरी चालू होतं, पण कोणती ओळ कशासाठी आहे ते कळत नाही. पुढे परीक्षण करणारा नेमकं तेच विचारतो.

या अडचणीवर आयआयटी मुंबईत चांगलं काम झालं आहे. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. 'एसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी' या नावाने त्यांनी कार्यशाळा घेतल्या आणि बॅकएंड टप्प्याटप्प्याने कसा लिहायचा ते शिकवलं. उदाहरणासाठी घेतलेलं यंत्र होतं स्पिम, म्हणजे मिप्स प्रोसेसरचा सिम्युलेटर. (मिप्स उलटं वाचलं की स्पिम!) पहिल्या पायरीवर फक्त पूर्णांकांची साधी असाइनमेंट चालतील एवढाच बॅकएंड. मग अंकगणित. मग फंक्शन कॉल. मग अटींवर अवलंबून उड्या. प्रत्येक पायरीवर कंपायलर पूर्ण बिल्ड होतो आणि त्या पायरीपुरते प्रोग्रॅम खरोखर चालतात.

ही पद्धत शिकवण्यासाठी काढली होती, पण प्रकल्पात कोड घालायलाही तीच उपयोगी पडते. परीक्षण करणारा माणूस एका बैठकीत वीस हजार ओळी वाचू शकत नाही, तीनशे वाचू शकतो. रिस्क-फाइव्हचा एलएलव्हीएम बॅकएंड असाच गेला. लो-रिस्क संस्थेच्या ॲलेक्स ब्रॅडबरी यांनी २०१६ च्या ऑगस्टमध्ये प्रस्ताव मांडला. आधी आज्ञांचं एन्कोडिंग आणि असेंबलर, मग सोपी गणितं, मग फंक्शन कॉल, अशा छोट्या छोट्या पॅचमधून काम पुढे गेलं. प्रत्येक पॅचबरोबर त्याच्या टेस्ट. बॅकएंडला अधिकृत दर्जा मिळाला तो एलएलव्हीएम ९ मध्ये, सप्टेंबर २०१९ ला. जगभरातल्या कंपन्या मागे उभ्या असलेल्या प्रोसेसरलासुद्धा तीन वर्षं लागली.

दारावर काय विचारतात

जीसीसी आणि एलएलव्हीएमचे नियम वेगळे दिसतात, पण विचार सारखाच आहे.

एलएलव्हीएममध्ये नवा बॅकएंड आधी 'प्रायोगिक' म्हणून घेतात. त्यासाठीच्या अटी लेखी आहेत. निदान एक मेंटेनर हवा. मागे सक्रिय समुदाय हवा. कोडमध्ये वादग्रस्त काही नको, म्हणजे एका प्रोसेसरसाठी सगळ्यांच्या सामायिक भागात मोठी उलथापालथ नको. आज्ञासंच आणि एबीआय यांची माहिती जाहीर हवी, किंवा कुणालाही मिळेल असं हार्डवेअर वा सिम्युलेटर हवा. दोन्ही असेल तर उत्तम. प्रायोगिक असेपर्यंत तो नेहमीच्या बिल्डमध्ये येत नाही, मुद्दाम चालू करावा लागतो. दुसऱ्या कुणाच्या बदलामुळे तो मोडला तर दुरुस्त करायची जबाबदारी तुमची.

त्यानंतर किमान तीन महिने तो आत स्थिर राहिला, टेस्ट पुरेशा आणि नीट लिहिलेल्या असल्या, आणि रोज बिल्ड करून तपासणाऱ्या सार्वजनिक मशीनची सोय झाली, की अधिकृत दर्जा मिळू शकतो. दर्जा मिळाल्यावरही नियम पाळत राहावे लागतात. नाही पाळले तर बॅकएंड काढला जाऊ शकतो, हेसुद्धा त्याच नियमांत लिहिलेलं आहे.

जीसीसीत निर्णयाचे दोन भाग पडतात. नवा पोर्ट घ्यायचा की नाही आणि त्याचा मेंटेनर कोण, हे स्टीअरिंग कमिटी ठरवते. कोड बरोबर आहे का, हे तांत्रिक परीक्षक पाहतात. त्यांची नजर फार बारीक असते. नव्या बॅकएंडबरोबर कुठल्या फाइली बदलायच्या याची यादी जीसीसीच्या अंतर्गत दस्तऐवजात दिली आहे: कॉन्फिगरेशन, कमांड लाइनच्या पर्यायांचं वर्णन, कंस्ट्रेंटचं वर्णन, मेंटेनरची नोंद, वेबसाइटवरचा बॅकएंडचा तक्ता. यातलं एक जरी राहिलं तरी पॅच परत येतो.

मालकी हक्काचा मुद्दा वेगळाच. अनेक वर्षं जीसीसीत मोठं योगदान द्यायचं तर कोडचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावे लागत, आणि नोकरी असेल तर कंपनीचीही सही लागे. जून २०२१ पासून ही सक्ती राहिली नाही. 'हा कोड देण्याचा मला अधिकार आहे' असं प्रमाणित करूनही कोड देता येतो. पण तो अधिकार तुम्हाला खरंच आहे का, हे तुम्हीच पाहायचं. पीएच.डी.त लिहिलेल्या कोडवर संस्थेचा हक्क असू शकतो, प्रकल्पाला पैसे देणाऱ्याचाही असू शकतो. गाइडशी आणि संस्थेच्या बौद्धिक संपदा विभागाशी पहिल्याच वर्षी बोलून घ्या. चौथ्या वर्षी ते कागद हलायला फार वेळ लागतो.

आता या सगळ्या अटी पुन्हा वाचा. अल्गोरिदम किती हुशार आहे, चिप किती वेगवान आहे, पेपर कुठे छापून आला, यातलं काहीही त्यांत नाही. बहुतेक अटींचा रोख एकाच प्रश्नावर आहे: उद्या हे कोण सांभाळणार?

एवढा हट्ट कशासाठी

पहिल्यांदा वाचताना हे नियम जाचक वाटतात. आपण फुकट कोड देतोय, वर आपल्यालाच अटी? पण पलीकडच्या बाजूने पाहा. कंपायलरचा मधला भाग सतत बदलत असतो. एलएलव्हीएमच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात, जीसीसीची एक. आतल्या सी++ फंक्शनांची नावं, पॅरामीटर, रचना कायम राहील अशी हमी कुणी देत नाही. एखादा सामायिक भाग बदलला की बदल करणाऱ्याला तो प्रत्येक बॅकएंडमध्ये पोचवावा लागतो. त्यातल्या एका बॅकएंडची चिप कुणाकडे नाही, सिम्युलेटर नाही, प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, असं झालं की त्या माणसाचं काम अडतं. एका अनाथ बॅकएंडचा भार बाकी सगळ्यांवर पडतो.

जीसीसीतलं 'सीसी-झिरो' प्रकरण याचं चांगलं उदाहरण आहे. तुलनेचा निकाल साठवणाऱ्या फ्लॅग्जचं वर्णन करायची ती एक जुनी पद्धत होती. तिच्यामुळे मधल्या भागात ठिकठिकाणी अपवाद लिहावे लागत. शेवटी ठरलं की ही पद्धत काढायची, आणि जे बॅकएंड तिच्यावर अवलंबून आहेत त्यांनी नव्या पद्धतीवर यायचं. न आल्यास जायचं. त्या यादीत मोटोरोला ६८००० घराणं होतं, म्हणजे १९७९ ची चिप, जुन्या अमिगा आणि अटारी संगणकांतली. ॲव्हीआर होता, अर्डुइनो उनोच्या बोर्डवरचा. दोन्ही वाचले. चाहत्यांनी वर्गणी काढून रूपांतर करणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. ६८००० चं रूपांतर २०१९ मध्ये झालं, ॲव्हीआरचं त्यानंतर, आणि २०२१ मध्ये जुनी पद्धत कोडमधून कायमची गेली.

चाळीस वर्षांपूर्वीची, बाजारातून जवळजवळ गेलेली चिप कंपायलरमध्ये टिकते, कारण तिच्यासाठी हातपाय हलवणारी माणसं आहेत. उलट बाजूचं उदाहरण निऑस-टूचं. मागे इंटेलसारखी कंपनी असूनही निऑस-टूचा एलएलव्हीएम बॅकएंड प्रायोगिक अवस्थेतून पुढे गेलाच नाही. कुणी सांभाळत नाही असं दिसल्यावर जानेवारी २०१९ मध्ये तो काढून टाकला.

सीआर१६ कडे परत

सीआर१६ हा नॅशनल सेमीकंडक्टरच्या कॉम्पॅक्टरिस्क घराण्यातला १६ बिटांचा प्रोसेसर. उपकरणांच्या आत बसणारा, कमी मेमरीत काम भागवणारा. अशा चिपचा बॅकएंड लहान असेल असं वाटतं, पण अडचणी वेगळ्या असतात. इथे सी भाषेतला साधा 'इंट' १६ बिटांचा आहे. ३०० गुणिले २०० केलं की ६०,००० होतात, आणि १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही. 'इंट ३२ बिटांचाच असतो' असं गृहीत धरून लिहिलेल्या जीसीसीच्या कित्येक टेस्ट अशा यंत्रावर आपोआप नापास होतात. मग प्रत्येक नापास टेस्ट उघडून पाहायचं: चूक बॅकएंडची, की टेस्टच्या गृहीतकाची? हे काम कंटाळवाणं आहे. पण परीक्षक टेस्टचे निकाल पाहतो तेव्हा या प्रश्नाचं उत्तर तयार असावं लागतं. सीआर१६ च्या बॅकएंडमध्ये 'इंट' ३२ बिटांचा करून देणारा वेगळा पर्यायही होता, शिवाय डेटा किती दूरच्या पत्त्यावर ठेवायचा त्यासाठी निराळी मॉडेल्स.

हे सगळं निभावून २०१२ मध्ये बॅकएंड आत गेला. पण आदल्या वर्षी, २०११ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने नॅशनल सेमीकंडक्टर विकत घेतली होती. म्हणजे चिपच्या मूळ कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व संपलं आणि त्यानंतर तिच्या चिपला जीसीसीत जागा मिळाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे स्वतःच्या मायक्रोकंट्रोलरांची रांग होतीच.

पुढचा शेवट जीसीसीच्या आवृत्त्यांच्या नोंदींत दिसतो. २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये सीआर१६ 'कालबाह्य' ठरवला. जीसीसीची रीत अशी आहे: कालबाह्य ठरलेला बॅकएंड लगेच काढत नाहीत. एक आवृत्ती तो राहतो, फक्त बिल्ड करताना 'मला कालबाह्यच हवाय' असा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तेवढ्या वेळात कुणी पुढे येऊन 'मी सांभाळतो' म्हणालं तर तो वाचतो. सीआर१६ च्या बाबतीत तसं झालं नाही आणि जीसीसी १३ मधून तो गेला.

त्याच यादीत त्याच्याबरोबर टाइल-जीएक्स आणि टाइल-प्रो हेही गेले. हे टिलेरा कंपनीचे, अनेक गाभ्यांचे प्रोसेसर. एकेकाळी संशोधन-निबंधांत त्यांचा बोलबाला होता. त्यांचे बॅकएंडसुद्धा २०१२ मध्येच आले होते. टिलेरा आधी ईझीचिपकडे गेली, मग ती मेलानॉक्सकडे, मग तीही एनव्हिडियाकडे. म्हणजे एक १६ बिटांची साधी चिप आणि एक अत्याधुनिक बहुगाभा चिप एकाच वर्षी आत आल्या आणि एकाच आवृत्तीत बाहेर पडल्या. दोन्हींच्या तांत्रिक दर्जात तुलनाच नाही. साम्य एवढंच की दोन्हींच्या मूळ कंपन्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या, आणि शेवटच्या घटकेला 'मी सांभाळतो' म्हणणारं कुणी नव्हतं.

मग पुण्यातलं ते काम वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. दहाहून जास्त वर्षं कुणालाही जीसीसी डाउनलोड करून या चिपसाठी कोड बनवता येत होता. जुन्या आवृत्त्या आजही उपलब्ध आहेत आणि गिटच्या इतिहासात ओळ न् ओळ आहे. लहान १६ बिटांच्या यंत्रासाठी बॅकएंड कसा लिहितात हे बघायचं असेल तर तो अभ्यासाला चांगला नमुना आहे. तोच कोड कंपनीच्या सर्व्हरवर बंद राहिला असता, तर आज त्याबद्दल लिहायलाही काही नसतं.

मग आपण काय करायचं

इथे जरा स्पष्ट बोलतो. पीएच.डी. चार-पाच वर्षांची. बॅकएंड सांभाळायचं काम त्याहून लांबीचं. प्रबंध जमा झाल्यावर तुम्ही नोकरीला लागणार, गाइड नव्या विषयाकडे वळणार, चिपची दुसरी आवृत्ती निघेलच असं नाही. हे सगळं मेंटेनर लोकांना माहीत असतं. म्हणून विद्यार्थ्याने एकट्याने आणलेल्या बॅकएंडकडे ते सावधपणे पाहतात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा: मला पूर्ण नवा बॅकएंड लागतोय का?

आयआयटी मुंबईचा अजित प्रोसेसर आठवा. प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला आणि २०१९ मध्ये जगासमोर आला. त्याची आतली रचना नवी, पण आज्ञासंच स्पार्क व्ही८ हा जुना, प्रमाणित. स्पार्कसाठी जीसीसी वर्षानुवर्षं तयार आहे. कंपायलरचा एवढा मोठा खर्च एका निर्णयाने वाचला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा यांनी रिस्क-फाइव्ह घेतला, त्यांनाही हाच फायदा झाला. नवा प्रोसेसर म्हणजे नवा आज्ञासंच असलाच पाहिजे असं नाही.

तुमच्या संशोधनात चार-सहा नव्या आज्ञा असतील, समजा न्यूरल नेटवर्कच्या गुणाकारासाठी, तर रिस्क-फाइव्हने त्यासाठी एन्कोडिंगमध्ये 'कस्टम' नावाच्या जागा राखून ठेवल्या आहेत. प्रमाणित आज्ञा त्या जागांवर येणार नाहीत. असेंबलरमध्ये एक निर्देश आहे, त्यात ऑपकोड आणि रजिस्टरं दिली की कंपायलरला हातही न लावता तुमची आज्ञा प्रोग्रॅममध्ये बसते. सी मधून इनलाइन असेंब्लीने ती वापरा, मोजमाप घ्या, पेपर लिहा. कंपायलरने ती आज्ञा आपणहून निवडावी हाच तुमच्या संशोधनाचा मुद्दा असेल, तरच बॅकएंडच्या आत शिरा.

आत शिरलातच तर फोर्क किती काळ वेगळा ठेवायचा ते आधी ठरवा. मुख्य शाखेपासून दूर राहिलेला प्रत्येक महिना नंतर व्याजासकट वसूल होतो. 'आमचं काम एलएलव्हीएम ३.४ वर आधारित आहे' असं म्हणणारे जुने पेपर वाचून त्यांचा कोड आजच्या मशीनवर बिल्ड करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आपले निष्कर्ष पुन्हा तपासता येणं हा संशोधनाचा कणा आहे. मुख्य प्रकल्पात गेलेल्या शंभर ओळी त्या दृष्टीने फोर्कमधल्या दहा हजार ओळींपेक्षा जास्त टिकतात.

आणि तरीही पूर्ण बॅकएंड घालायचाच असेल, तर माझ्या मते क्रम असा असावा.

१. आज्ञासंच आणि एबीआय यांचं दस्तऐवज आधी जाहीर करा. पीडीएफ चालेल, पण मागणी न करता मिळाली पाहिजे.

२. कुणालाही चालवता येईल असा सिम्युलेटर द्या. परीक्षकाकडे तुमची चिप नसणार.

३. असेंबलर आणि लिंकर आधी घाला. कंपायलर त्यांच्यावर उभा राहतो.

४. कोड लिहून संपायच्या आधीच प्रस्ताव मांडा. 'हे घ्याल का, कोणत्या अटींवर' याचं उत्तर लवकर मिळालेलं बरं.

५. पॅच लहान ठेवा. प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे बिल्ड झाला पाहिजे आणि त्याच्यासोबत टेस्ट हव्यात. आयआयटी मुंबईच्या पायऱ्या इथे वापरा.

६. दरम्यान दुसऱ्यांच्या पॅचचं परीक्षण करा, सामायिक भागातल्या लहान चुका दुरुस्त करा. तुमचं नाव ओळखीचं झालं की तुमचा पॅच वाचायला माणूस लवकर मिळतो.

७. किमान दोन मेंटेनर ठरवा, आणि त्यातला एक तरी असा हवा की तुमचा प्रबंध संपल्यावरही त्याची नोकरी याच कामाशी निगडित असेल. लॅब, कंपनी, सी-डॅकसारखी संस्था, कुणीही. असा माणूस सापडत नसेल तर बॅकएंड प्रायोगिक ठेवणं किंवा बाहेर ठेवून नीट दस्तऐवज लिहिणं हाच प्रामाणिक मार्ग.

साधनांबद्दल एक शब्द. 'आमच्याकडे मोठे सर्व्हर नाहीत' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. सुट्टीत मी काशीदला घरी असतो, तिथल्या नेटवर आणि विजेच्या भरवशावर आख्खा जीसीसी बिल्ड करायला बसणं शहाणपणाचं नाही. पण त्याची गरजही पडत नाही. संपूर्ण इतिहास न उतरवता गिटची उथळ प्रत घ्या. जीसीसीत फक्त सी भाषा चालू ठेवा, एलएलव्हीएममध्ये फक्त आपला एक टार्गेट. ओपन सोर्सवर काम करणाऱ्यांसाठी जीसीसी कंपाइल फार्म नावाची सोय आहे. अर्ज मंजूर झाला की वेगवेगळ्या प्रोसेसरांची मशीन दुरून वापरता येतात, पैसे लागत नाहीत. बिल्ड तिकडे चालतो, आपल्याकडून जातो तो काही किलोबाइटचा पॅच. रायगडच्या किनाऱ्यावरून हे जमतं, तर तुमच्या हॉस्टेलमधून नक्की जमेल.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर जीसीसी १२ चा सोर्स उतरवा आणि सीआर१६ चं फोल्डर उघडा. तिथली मशीन डिस्क्रिप्शनची फाइल वाचा आणि बेरजेचा साचा शोधा. वर सांगितलेलं ते एक अक्षर तिथे दिसेल. मग जीसीसी १३ च्या सोर्समध्ये तेच फोल्डर शोधून पाहा.

पुढच्या लेखात बॅकएंडच्या टेस्ट कशा लिहायच्या ते पाहू. शंका असतील तर जरूर कळवा.